अद्धा, करणी आणि गवंड्याचे मनगट : बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ, मुंबई

विषय : वीट तोडण्यासाठी विजेविना चालणारे, सुरक्षित आणि सोपे हातहत्यार तयार करून घेणे व त्याची चाचणी अहिल्यानगर जिल्ह्यात घेणे.

महोदय,

मंडळाकडे नोंदणी झालेल्या कामगाराला मिळणाऱ्या सुरक्षा संचात हेल्मेट, बूट, हातमोजे, मुखपट्टी अशा वस्तू असतात आणि त्या सगळ्यांचा हेतू एकच असतो, तो म्हणजे धोका जिथल्या तिथे राहू देऊन कामगाराच्या शरीराभोवती आडोसा उभा करणे. औद्योगिक सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड मानली जाते : सर्वांत वर धोका मुळातूनच काढून टाकणे, त्याखाली धोकादायक वस्तूच्या जागी दुसरी वस्तू आणणे, त्याखाली हत्यारात किंवा यंत्रात बदल करणे, त्याखाली कामाची पद्धत बदलणे आणि अगदी शेवटी अंगावर घालायची संरक्षक साधने. मंडळाचा संच या उतरंडीच्या तळाशी आहे, आणि तेथे तो आवश्यकही आहे. परंतु बांधकामाच्या एका अगदी साध्या क्रियेबाबत, म्हणजे वीट तोडण्याबाबत, मंडळाला फार खर्च न करता दोन पायऱ्या वर चढता येईल, असे या पत्राचे प्रतिपादन आहे.

वीट मुळात तोडावीच का लागते, हे आधी पाहणे योग्य ठरेल, कारण बांधकामाबाहेरच्या वाचकाला भिंत म्हणजे अख्ख्या विटांची रास वाटते. भिंतीतील उभे सांधे एकावर एक आले तर भिंत त्या रेषेत फाटते. म्हणून प्रत्येक थरातील सांधा खालच्या विटेच्या मध्यावर आणावा लागतो आणि थर जिथे संपतो, म्हणजे दाराखिडकीच्या कडेला, कोपऱ्यावर किंवा भिंतीच्या मोकळ्या टोकाला, तिथे अर्धी वीट बसवावी लागते. गवंडी तिला अद्धा म्हणतात. नऊ इंची भिंतीत आडव्या आणि उभ्या विटांचे थर आलटून पालटून येतात, तेथे कोपऱ्याजवळ सांधा सरकवण्यासाठी लांबीत उभी चिरलेली अरुंद पट्टीही लागते. ही गरज आजची नाही. हडप्पा संस्कृतीतील विटांचे लांबी, रुंदी आणि जाडी यांचे प्रमाण ४ : २ : १ असे होते, म्हणजे त्या विटेचा अर्धा तुकडा बरोबर चौरस होऊन आडव्या विटेच्या रुंदीशी जुळत असे, आणि त्या संस्कृतीच्या उत्तरकाळाचे थर ज्या दायमाबादला सापडले, ते प्रवरेकाठचे स्थळ याच जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात आहे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०७७ या मानकातील १९० × ९० × ९० मिलिमीटरची वीटही त्याच तत्त्वावर बेतलेली आहे, कारण दोन रुंद्या आणि मधला १० मिलिमीटरचा सांधा मिळून एक लांबी होते.

या मापाच्या विटेचा एक थर मालासह, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणासह, १० सेंटिमीटरचा होतो. चार इंची भिंतीत २.१ मीटर उंचीचे एक दार धरले तर त्याच्या उंचीत २१ थर येतात, आणि एकाआड एक थराला अद्धा लागतो, म्हणून दाराच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे २१ अद्धे लागतात. प्रत्येक वीट मधोमध नीट तुटली तर त्यासाठी ११ विटा पुरतात. प्रत्येक विटेचा एकच तुकडा उपयोगी पडला आणि दुसऱ्याचा चुरा झाला, तर २१ विटा खर्ची पडतात. एका दाराचा हा हिशोब साध्या घराच्या सगळ्या दाराखिडक्यांना लावला, म्हणजे वीट तोडणे ही क्रिया किती वेळा घडते आणि तिच्यात किती माल वाया जाऊ शकतो, याचा अंदाज येतो.

आज ही क्रिया बहुतेक ठिकाणी हातानेच होते. गवंडी डाव्या हातात वीट धरतो आणि उजव्या हातातील करणीच्या कडेने किंवा हातोडीच्या धारेने तिच्यावर एका रेषेत घाव घालतो. वीट कठीण असेल तर ती जमिनीवर ठेवून छन्नी लावली जाते. मुरलेला गवंडी दोन-तीन घावांत अद्धा काढतो आणि हे कसब निःसंशय कौतुकास्पद आहे; पण त्याच कौशल्याआड क्रियेचे दोष झाकले जातात. घाव घालताना मनगट अंगठ्याच्या बाजूकडून करंगळीच्या बाजूकडे झटक्याने वळते आणि नेमक्या त्याच स्थितीत त्याला धक्का सोसावा लागतो. वीट धरणारा हात घावाच्या रेषेपासून चार बोटांवर असतो. उडणारी कपची डोळ्याच्या दिशेने येते, कारण नेम धरण्यासाठी मान खाली वाकलेली असते. शिवाय करणी हे माल पसरण्याचे हत्यार आहे, विटेवर आपटून तिची कड बोथट होते आणि पाते दांड्यापाशी सैल पडते. नवशिक्याला तर पहिले काही महिने विटांपेक्षा बोटेच अधिक महाग पडतात.

शहरात आणि आता तालुक्याच्या गावांतही यावर जो उपाय रूढ होत आहे, तो म्हणजे फरशी कापण्याचा विजेवरचा कटर किंवा ग्राइंडर. हा उपाय मूळ दुखण्याहून वाईट आहे, असे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. चार इंची चकतीचा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, म्हणजे चकतीच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जातो. चकतीचा निम्माअधिक भाग यंत्राच्या डोक्यामागे झाकलेला असल्याने ती विटेत फार तर अडीच-तीन सेंटिमीटर उतरते, म्हणून वीट दोन-तीन बाजूंनी फिरवून चिरावी लागते आणि शेवटी आपटून तोडावीच लागते. काम सोयीचे व्हावे म्हणून चकतीवरचे संरक्षक कवच काढून ठेवण्याची सवय तर जवळपास सर्वत्र दिसते.

याहून गंभीर गोष्ट धुळीची आहे. भाजलेल्या मातीच्या विटेत गारगोटीच्या जातीची स्फटिकरूप सिलिका असते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत असू शकते. कोरडी वीट वेगाने घासली की या सिलिकेचे इतके बारीक कण सुटतात, की ते नाकातील केसांत किंवा घशात न अडकता थेट फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांत पोहोचतात आणि तेथे व्रण पडून फुप्फुसाचा भाग कायमचा घट्ट होतो. सिलिकोसिस या नावाने ओळखला जाणारा हा विकार बरा होत नाही, आणि ज्याला तो जडतो त्याला क्षयरोग होण्याची शक्यता वाढते. अमेरिकेने २०१६ मध्ये बांधकामासाठी ठरवलेली मर्यादा अशी आहे की, आठ तासांच्या सरासरीने एक घनमीटर हवेत या धुळीचे प्रमाण ५० मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे एका ग्रॅमच्या वीस हजाराव्या भागापेक्षा जास्त असू नये. कोरड्या विटेवर चालणारा ग्राइंडर ही मर्यादा सहज ओलांडतो. चकतीवर पाण्याची धार सोडली तर धूळ पुष्कळ कमी होते खरी, पण तात्पुरत्या जोडणीवर, उघड्या वायरीवर आणि ओल्या जमिनीवर विजेचे यंत्र पाण्यासह चालवणे म्हणजे फुप्फुसाचा धोका हृदयावर ढकलणे होय.

वीट घासून कापण्याऐवजी दाबून दुभंगवली तर मात्र बारीक धूळ फारच थोडी सुटते, कारण त्यात द्रव्याचे पीठ होत नाही, फक्त एक तडा जातो. त्यातच जी वीट रचण्याआधी पाण्यात भिजवायचीच असते, ती भिजवल्यानंतर तोडली तर राहिलेली धूळही जागेवरच बसते. आज अनेक कामांवर अद्धे आधी कोरडे तोडून मग भिजवले जातात. हा क्रम उलटा करायला एक पैसाही लागत नाही.

आता प्रश्न येतो तो अहिल्यानगर जिल्ह्यातील विटेचा. बाहेरून आणलेले तयार हत्यार येथे जसेच्या तसे चालेल असे मानणे चुकीचे ठरेल, कारण दख्खनच्या काळ्या मातीतून होणारी वीट गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या विटेपेक्षा वेगळ्या स्वभावाची असते. काळी माती पाणी लागताच फुगते आणि सुकताना आकसते, म्हणून तिच्यात नदीकाठचा पोयटा, राख, भुसा किंवा उसाचे चिपाड मिसळावे लागते. मिसळलेले चिपाड भट्टीत जळून जाते आणि विटेत पोकळ्या राहतात. या मातीत चुनखडीचे खडे असतात, ते भाजले जाऊन कळीचा चुना होतो आणि पुढे ओल लागताच तो फुगून विटेला फोड आणतो. पारंपरिक भट्टीत उष्णता सगळीकडे सारखी पोहोचत नाही, त्यामुळे एकाच भट्टीतून पिवळसर कच्ची, लाल पक्की आणि अति भाजून काळीनिळी झालेली अशा तिन्ही तऱ्हांची वीट निघते, आणि वरून लाल दिसणारी वीट तोडल्यावर आत काळा गाभा निघणेही नवीन नाही. गवंड्याचा घाव सरळ बसूनही तडा वाकडा जातो त्याचे कारण येथे आहे : तडा नेहमी अशक्त वाट शोधतो, आणि खडा, पोकळी किंवा कच्चा गाभा भेटला की तो तिकडे वळतो.

त्यात भर म्हणजे विटेच्या वरच्या अंगावरची खाच, जिच्यात भट्टीमालकाच्या नावाची अक्षरे उमटवलेली असतात. मानकानुसार ही खाच १० ते २० मिलिमीटर खोल असते. वीट नेहमीप्रमाणे पालथी किंवा उताणी ठेवून वरून पाते दाबले, तर ते पाते खाचेच्या दोन्ही काठांवरच टेकते, मधला भाग अधांतरी राहतो आणि आधी काठच फुटतात. म्हणून पाते विटेच्या लांब उभ्या बाजूंवर टेकले पाहिजे, म्हणजे वीट कडेवर उभी करून दाबली पाहिजे, कारण त्या दोन बाजू सलग आणि सपाट असतात. ही एक लहानशी गोष्ट आहे, पण फरसबंदीचे सपाट ठोकळे तोडण्यासाठी बनवलेली यंत्रे आपल्या विटेवर का अडतात, ते तिच्यावरून कळते.

किती जोर लागेल, याचा हिशोब साधा आहे. ठिसूळ पदार्थ दाबाला टणक असतो आणि ताणाला दुबळा असतो. विटेचे ताणसामर्थ्य, म्हणजे ओढून तोडताना ती किती जोर सोसते ते माप, तिच्या दाबसामर्थ्याच्या साधारण एक दशांश धरता येते. समोरासमोरच्या दोन रेषांवर दाब दिला की विटेच्या आत त्या दाबाशी काटकोनात ताण निर्माण होतो आणि वीट मधून दुभंगते. २३० × ११० × ७० मिलिमीटरची वीट मधोमध तोडताना ७,७०० चौरस मिलिमीटरचा छेद फाटावा लागतो. विटेचे दाबसामर्थ्य चौरस मिलिमीटरला ५ न्यूटन धरले तर त्यासाठी अंदाजे ६,००० न्यूटन, म्हणजे ६०० किलोच्या आसपास जोर हवा. हा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण महाराष्ट्राच्या घराघरांत हे तत्त्व शतकानुशतके वापरात आहे : अडकित्त्यात खुंटी एका टोकाला, सुपारी खुंटीजवळ आणि हात दूरच्या टोकाला असतो, म्हणून मुठीच्या बेताच्या जोराने कठीण सुपारी फुटते. विटेच्या हत्यारात ६० सेंटिमीटरचा दांडा असला आणि तो खुंटीपासून ३ सेंटिमीटरवर वरच्या पात्याला खाली रेटत असला, तर जोर २० पट होतो आणि ६०० किलोसाठी हाताला ३० किलोच पडतात, जे शरीराचा थोडा भार टाकून कोणत्याही प्रौढ माणसाला जमते. वीट दुप्पट कठीण असेल तर मात्र ६० किलो लागतील आणि तेथे साधा दांडा अपुरा ठरेल. त्यासाठी दुहेरी तरफ करावी किंवा आधी छन्नीने चारी बाजूंनी उथळ रेघ ओढून घ्यावी. हे आकडे अदमासाचे आहेत, त्यांची जागा प्रत्यक्ष मोजणीने घेतली पाहिजे, पण हातानेच हे काम होऊ शकते एवढे त्यांवरून ठरते.

रचनेच्या तपशिलांत खरी कसोटी आहे. पात्याला धार नको, बोथट पाचरीसारखी कड हवी, कारण येथे कापायचे नसून दुभंगवायचे आहे, आणि बोथट पाते बोटाला लागले तरी जखम करत नाही. मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद या कामाला उत्तम असून ते कोणत्याही तालुक्याच्या भंगार बाजारात मिळते. हाताने थापलेल्या विटेच्या बाजू समांतर नसतात, त्यामुळे वरचे पाते मधोमध एका खिळीवर किंचित डोलते ठेवले पाहिजे. ते घट्ट जोडले तर सगळा भार एका कोपऱ्यावर येतो आणि फक्त कोपरा उडतो. भट्टीभट्टीगणिक विटेचे माप थोडे बदलते, म्हणून खालचे पाते वरखाली करणारा स्क्रू हवा. बाजूला अडणी हवी, जिच्यावर अद्धा आणि पाऊण यांच्या खुणा खोदलेल्या असतील, म्हणजे इंचटेप काढावी लागणार नाही. समोर जुन्या टायरट्यूबचा पडदा लटकवला तर कपच्या तेथेच अडतात.

मूठ कशी असावी, याबद्दल अंदाजाने बोलण्याची गरज उरलेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शिकेत जोराच्या पकडीसाठी मुठीचा व्यास साधारण ३२ ते ५१ मिलिमीटर आणि लांबी किमान १० सेंटिमीटर सांगितली आहे, कारण मूठ आखूड असली की तिचे टोक तळव्याच्या मऊ भागात रुतते. आपल्याकडच्या हातांची मापेही उपलब्ध आहेत : भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने २००९ मध्ये भारतीय शेतकामगारांची, स्त्रियांसह, शरीरमापे आणि ताकदीची मापे अवजारांच्या रचनेसाठी प्रसिद्ध केली. बांधकामावर येणारा मजूर बहुधा याच शेतकामगार वर्गातून येतो, आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ज्या कुटुंबांचा अर्धा काळ ऊसतोडीत जातो, त्यांतील अनेकांना उरलेल्या महिन्यांत वीटभट्टी किंवा बांधकामाचाच आधार असतो. तेव्हा ही मापे येथे निःशंकपणे वापरता येतील.

पायाने दाबायची खिटी करावी, म्हणजे शरीराचा सगळा भार वापरता येईल, असाही विचार सुचतो. तो मोहक आहे, तरी नाकारावा असे वाटते, कारण पाय कामात गुंतला की दोन्ही हात मोकळे राहतात आणि मोकळा हात तुकडा सावरायला पात्याकडेच जातो. दोन्ही हातांनी धरायचा दांडा हे स्वतःच एक संरक्षण आहे. दांडा पूर्ण खाली आल्यावरही तो आणि बैठक यांत मूठभर अंतर राहील असा अडसर मात्र हवा, अन्यथा पात्यापासून वाचलेली बोटे दांड्याखाली सापडतील.

अशा हत्याराच्या मर्यादा मंडळापासून लपवणे योग्य होणार नाही. लांबीत उभी चिरायची पट्टी त्याने नीट निघणार नाही, कारण तेथे तडा फार लांब अंतर जातो आणि वाटेत भरकटतो. सिमेंटच्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांना त्याची गरजच नाही, ते करवतीने कापले जातात. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचा वापर वाढवणारी केंद्र सरकारची अधिसूचना १९९९ मध्ये निघाल्यापासून ज्या राखेच्या विटा बाजारात आल्या, त्या आकाराने काटेकोर असल्याने दुभंगायला सोयीच्या आहेत, पण त्यांतल्या कठीण विटांना जोर जास्त लागेल. सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. बांधकाम अनेकदा उक्ते, म्हणजे ब्रासवर किंवा चौरस फुटावर ठरवून दिलेले असते; ज्या गवंड्याला करणीने अद्धा काढायला काही क्षण लागतात, तो चार पावले चालून हत्यारापाशी जाणार नाही, आणि त्याला तसे करायला लावणारा उपदेश निरुपयोगी आहे. म्हणून हत्याराने वेळेत करणीशी बरोबरी केली नाही तर निदान कामाची मांडणी बदलली पाहिजे : दाराखिडक्यांचा हिशोब करून दिवसभराचे अद्धे सकाळीच एका जागी तोडून ठेवायचे, आणि हे काम बिगाऱ्याकडे द्यायचे. बिगारी म्हणून राबणाऱ्या स्त्रियांना गवंडीकामाचे कोणतेही हत्यार सहसा हाती दिले जात नाही; मोजून, आखून करायचे हे पहिले काम त्यांच्याकडे आले, तर त्यांच्या मजुरीचा दर्जा बदलायला एक वाट मिळेल. हत्यार परांचीवर, म्हणजे उंचावरच्या बांबूच्या किंवा लोखंडी मचाणावर, एकट्याने चढवता यावे यासाठी त्याचे वजन १२ किलोच्या आत राखणे इष्ट आहे.

विटेच्या कामाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ यांनी केला. स्वतः गवंड्याच्या हाताखाली शिकलेल्या या माणसाने वीट रचण्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद केली, विटा आणि माल कमरेच्या उंचीवर ठेवणारी परांची बनवली, आणि एका विटेमागच्या १८ हालचाली पाचांच्या आसपास आणल्या. वीटकामावरचे त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या पद्धतीचा पुढे मजुराकडून अधिक काम पिळून घेण्यासाठीही उपयोग झाला, ही दुसरी बाजू विसरता येत नाही. पण वाकणे वाचवण्यासाठी माणसाला शिकवण्याआधी परांची बदलली पाहिजे, हा त्यांचा क्रम बरोबर होता.

महाराष्ट्रातील उदाहरण अधिक जवळचे आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला दातेरी पात्याचा वैभव विळा शेतकऱ्यांनी स्वीकारला, कारण तो हलका होता, त्याला वारंवार धार लावावी लागत नव्हती आणि तो वापरायला नवे काही शिकावे लागत नव्हते. शेतीच्या अवजारांसाठी कृषी विद्यापीठे आहेत, त्यांत अवजारांचे विभाग आहेत, मेळावे आणि प्रात्यक्षिके आहेत. गवंड्याच्या अवजारांसाठी यांपैकी काहीही नाही. करणी, ओळंबा, गुण्या आणि हातोडी ही त्याची हत्यारे पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तशीच राहिली, ती परिपूर्ण होती म्हणून नव्हे, तर ती सुधारण्याचे काम कोणत्याच संस्थेकडे नेमून दिलेले नव्हते म्हणून.

हे काम करू शकणाऱ्या संस्था अहिल्यानगर जिल्ह्यातच आहेत. राहुरीला १९६८ पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ असून तेथे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. लोणी, संगमनेर आणि कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, ज्यांतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्पासाठी विषय हवा असतो आणि ज्यांचे अनेक प्रकल्प परीक्षेनंतर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात गंजत पडतात. शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेला विज्ञान आश्रम आहे, जेथे ग्रामीण तरुणांनी हाताने यंत्रे बनवून शिकावे ही पद्धत रुजलेली आहे. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत लहान वेल्डिंग कारखान्यांची कमतरता नाही. ज्या अहिल्यानगर शहरात कायनेटिकची लूना ही मोपेड तयार झाली, तेथे एक चौकट, दोन पाती आणि एक दांडा तयार होणे अवघड नसावे.

उणीव आहे ती हे सगळे एकत्र आणणाऱ्या आणि खर्च उचलणाऱ्या यंत्रणेची, आणि ती यंत्रणा मंडळच होऊ शकते. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेण्याची तरतूद १९९६ च्या केंद्रीय कायद्याने झाली, ती बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी. अवजारे खरेदीसाठी ५,००० रुपयांचे अर्थसाहाय्य देण्याची योजना मंडळाने याआधी राबवलेली आहे, म्हणजे अवजार हा कल्याणाचा विषय आहे हे तत्त्व मंडळाला मान्य आहे. त्या तत्त्वाची पुढची पायरी अशी की, बाजारात जे आहे ते घेण्यासाठी पैसे देतानाच, जे बाजारात नाही ते घडवून घेण्यासाठीही मंडळाने पैसे द्यावेत. तयार हत्याराची किंमत त्या ५,००० रुपयांच्या आत बसावी, ही अटही आरंभीच घालावी.

चाचणीबाबत एक आग्रह आहे. निवड कागदावरील आराखडे पाहून किंवा सभागृहातील प्रात्यक्षिकावरून होऊ नये. गोदावरी, प्रवरा आणि मुळा यांच्या काठच्या वेगवेगळ्या भट्ट्यांतील कच्च्या, पक्क्या आणि अति भाजलेल्या विटा, त्याशिवाय राखेच्या विटा, प्रत्येकी शंभर घ्याव्यात; त्या करणीने, ग्राइंडरने आणि नव्या हत्याराने तोडाव्यात; प्रत्येक वेळी दोन उपयोगी अद्धे किती विटांचे निघाले, किती वेळ लागला, दांड्यावर किती जोर पडला आणि श्वासाच्या उंचीवर किती धूळ होती, हे मोजावे. त्यानंतर ते हत्यार चालू कामांवर एक महिना ठेवावे आणि महिन्याच्या शेवटी ते वापरात आहे की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांखाली पडले आहे, हे न सांगता जाऊन पाहावे. निवड समितीत निम्मे सदस्य काम करणारे गवंडी आणि बिगारी असावेत, त्यांत स्त्रिया असाव्यात आणि त्या दिवसांची मजुरी त्यांना मिळावी. निवडलेला आराखडा मापांसह मराठीत छापून सर्वांना खुला ठेवावा, म्हणजे जामखेडचा किंवा अकोले तालुक्यातला लोहारही तो पाहून हत्यार बनवू शकेल आणि एका पुरवठादाराची मक्तेदारी होणार नाही.

ही चाचणी फसूही शकते. तसे झाले तर मोजलेले आकडे तरी हाती राहतील, जे आज कोणाकडेच नाहीत. मंडळाने सुरक्षा संचाची पुढील निविदा काढण्यापूर्वी अहिल्यानगर जिल्ह्यासाठी या एका हत्याराची तरतूद करावी, राहुरी विद्यापीठाला किंवा जिल्ह्यातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला हे काम लेखी सोपवावे, आणि तोपर्यंत प्रत्येक नोंदणीकृत कामगाराला विटा भिजवल्यानंतरच तोडण्याची सूचना मराठी आणि हिंदीत द्यावी, अशी विनंती आहे.